जिन्यावरचे शंक्वाकृती छत

वाढदिवसाला पोरांच्या डोक्यावर चढवतात त्या चकचकीत कागदी टोपीला सगळे जग ‘त्रिकोणी टोपी’ म्हणते आणि त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. सरांचे अडत असे. भाचीच्या मुलीच्या वाढदिवसाला भाचीने ‘मामा, ही घ्या त्रिकोणी टोपी’ म्हणून त्यांच्या हातात एक टोपी दिली, तेव्हा सरांनी ती डोक्याला न लावता उंच धरली आणि केकवर डोळे लावून बसलेल्या मुलांना म्हणाले, “त्रिकोण कागदावर असतो. त्याला पोट नसतं. हिला पोट आहे. तळाशी वर्तुळ, वर एकच टोक, आणि त्या टोकापासून तळाच्या कडेपर्यंत कुठूनही रेघ ओढा, लांबी सारखीच. अशा वस्तूला शंक्वाकृती म्हणतात. म्हणा, शंक्वाकृती.” मुलांनी निमूटपणे म्हटले. केक अजून कापायचा होता, बिचारी करतात काय!

सर आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवत आले होते. निवृत्त झाले ते शाळेतून, भूमितीतून नव्हे. भाजीच्या दुकानात ते गाजराला शंक्वाकृती म्हणून मान देत आणि मुळ्याला ‘साधारण शंक्वाकृती’ म्हणून सोडून देत. बादलीला कोणी शंक्वाकृती म्हटले तर मात्र त्यांचा पारा चढे. “बादली म्हणजे शंकूछेद. टोक उडवलेला शंकू. टोक गेलं की शब्द गेला,” असे ते बजावत. भाजीवाला मान डोलवी आणि सुट्टे पैसे शोधू लागे. थोडक्यात सांगायचे, तर हा शब्द सरांनी पाळला होता, आणि तो आजवर कोणाला चावला नव्हता.

सर राहत त्या इमारतीचा जिना गोल होता. बांधणाऱ्याला कसली हौस होती देव जाणे, पण तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तो एका पोकळीभोवती वळसे घेत चढत गेला होता, आणि माथ्यावर उजेडासाठी एक मोठे गोल भोक ठेवून त्यावर काच बसवली होती. एका वादळी दुपारी शेजारच्या झाडाची फांदी त्या काचेवर आली आणि काच जिन्यात आली. काच झाडून काढली, भोक राहिले. उन्हाचे दिवस होते तोवर सगळ्यांना ते आवडलेही. दुसऱ्या मजल्यावरचे वकील तर म्हणाले की जिन्यात आता कसे मोकळे मोकळे वाटते.

सर तळमजल्यावर राहत आणि पोस्टमास्तर अगदी वरच्या. पोस्टमास्तरही निवृत्तच. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी, गुडघा अधू. दिवसभर ते एकटे घरात असत आणि संध्याकाळ झाली की कठडा धरून एकेक पायरी उतरत सरांकडे बुद्धिबळ खेळायला येत. प्यादे हलवायचे म्हटले तरी ते रजिस्टर पत्रासारखे आधी उलटसुलट करून बघत. सर चिडत, चहा निवे, सरांची बायको तो पुन्हा गरम करी. पट सरांचा, टेबल सरांचे, चहा सरांच्या घरचा, तेव्हा उतरायचे ते पोस्टमास्तरांनीच, हे जणू भूमितीतल्या गृहीतकासारखे ठरून गेले होते. ते कोणी ठरवले, हे दोघांपैकी एकालाही सांगता आले नसते.

काच फुटल्यानंतर दोनचार दिवसांनी पोस्टमास्तर डावाच्या मध्येच म्हणाले, “सर, तुम्ही इमारतीचे चिटणीस. पावसाच्या आत त्या भोकावर एखादा पत्रा टाका नि मोकळे व्हा. जिना ओला झाला तर माझ्या या गुडघ्याने मला उतरता यायचं नाही.”

“पत्रा?” सर म्हणाले. “गोल भोकावर सपाट पत्रा? पाणी साचेल, पत्रा गंजेल, मग गळेल. तिथे शंक्वाकृती छतच हवं. पाणी सगळ्या बाजूंनी सारखं निथळेल.”

“आकार तुमचा. मला जिना कोरडा मिळाला म्हणजे झालं. संध्याकाळी इथे यायचं म्हणून मी दाढी करतो हो. नाही तर कोणासाठी करायची?”

सर हसले आणि पोस्टमास्तरांचा उंट मारला. ते वाक्य त्यांनी तेव्हा नीट ऐकले असते, तर ही हकिकत इथेच संपली असती.

पुढच्या रविवारी सरांच्या बाहेरच्या खोलीत इमारतीची सभा भरली. सभा म्हणजे काय, ज्याला दुपारी झोप येत नव्हती तो आला. सरांनी भिंतीवर कागद लावून त्यावर छत काढले, बाण दाखवले, लंबउंची आणि तिरकस उंची वेगळ्या रंगांत दाखवली. वकील म्हणाले, “टोक वर आलं की वीज पडते. हे मी कायद्याने नाही, अनुभवाने सांगतो.” त्यांच्यावर वीज कधी पडली होती, हे त्यांनी सांगितले नाही. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईंनी त्यावर तोडगा काढला. “मग टोक खाली करा ना.”

“ताई, टोक खाली केलं तर ते नरसाळं होईल! सगळं पाणी गोळा होऊन नेमकं जिन्यात पडेल!”

“पण ते पण शंक्वाकृतीच की नाही?” ताईंनी विचारले.

इथे सरांची अडचण झाली, कारण ताईंचे बरोबर होते. शब्दाच्या बाजूने बोलावे की जिन्याच्या, हे त्यांना चटकन ठरवता येईना. “आहे,” ते शेवटी म्हणाले, “पण आपल्याला नको असलेलं शंक्वाकृती.” कोणीतरी घुमट सुचवला. सरांनी घुमट म्हणजे अर्धगोल आणि शंकू म्हणजे शंकू यावर बराच वेळ घेतला. तेवढ्यात ज्यांना झोप येत नव्हती त्यांना येऊ लागली. शेवटी वकिलांनी पाचर मारली. छताला टोक आले की इमारतीची उंची वाढते, उंची वाढली की परवानगी लागते. परवानगी नसेल तर उद्या कोणीही तक्रार करील. कोण करील म्हणून विचारताच ते म्हणाले, “समजा, मीच.”

पोस्टमास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून एवढेच म्हणाले, “लवकर करा म्हणजे झालं.”

परवाना खात्याच्या कचेरीत खिडकीमागचा कारकून भला माणूस होता. (सगळ्या हकिकतीत भली माणसेच आहेत, हीच तर खरी पंचाईत.) त्याने सरांचा अर्ज वाचला, ‘शंक्वाकृती’पाशी बोट थांबवले, ते अक्षर अक्षर लावून पाहिले आणि विचारले, “हे काय असतं?”

सरांना कोणी हे विचारले की आनंद होई. त्यांनी तळातले वर्तुळ, वरचे टोक आणि कुठूनही ओढलेली सारखी रेघ सगळे सांगितले. मागच्या रांगेतल्या माणसाने घड्याळ पाहिले.

“म्हणजे उतरतं छत,” कारकून म्हणाला. “आमच्याकडे दोनच प्रकार, सपाट नि उतरतं. उतरतं लिहा, आत्ता शिक्का मारतो.”

“उतरतं म्हणजे एका अंगाला किंवा दोन अंगांना. हे सगळीकडे सारखं उतरतं.”

“मग तर जास्तच उतरतं झालं की, सर!”

खरे तर त्यांनी तिथेच लेखणी काढून तो एक शब्द खोडायला हवा होता. पण ज्या शब्दाखाली त्यांनी पिढ्यानपिढ्या पोरांच्या वह्यांत तांबडी रेघ मारली, ज्याच्यासाठी गुण कापले, पालकांशी भांडणे केली, तो आपल्याच हाताने खोडायचा? मागे रांगेत कोणी जुना विद्यार्थी उभा असला तर? त्यांनी वळूनही पाहिले. मागे एक माणूस होता, पण तो त्यांचा विद्यार्थी वाटत नव्हता, फक्त वैतागलेला वाटत होता.

“आहे ते आहे,” सर म्हणाले. “शंक्वाकृतीच राहू दे.”

“मग कागद वर जाईल,” कारकुनाने सुस्कारा सोडला. कागद वर गेला.

वर जाऊन कागद काय करतात याची सरांना कल्पना नव्हती. ते तिथे विचार करतात. काही दिवसांनी विचारणा आली, की सदर शंक्वाकृती इमल्यात किती व्यक्ती वास्तव्य करणार आहेत? सरांनी ‘एकही नाही’ एवढेच लिहायचे, तर सोबत व्याख्या, आकृती आणि बादलीशी तुलना जोडली. ते वाचून वरच्या साहेबांना हे प्रकरण वाटले त्यापेक्षा मोठे आहे असे वाटू लागले. त्यांनी ते मनोरे आणि उंच खांब बघणाऱ्या विभागाकडे धाडले. त्या विभागाने विचारले, की हा जाहिरातीचा प्रकार तर नाही? कारण बाजारात एका दुकानाने छपरावर आइस्क्रीमचा भला मोठा कोन उभारला होता आणि तो वाऱ्याने शेजाऱ्याच्या गाडीवर आला होता. शेवटी ठरले की अर्जदाराने छताची प्रतिकृती करून दाखवावी.

तोवर पावसाचे दिवस लागले होते. जिन्यात भोकातून धार लागे, पायऱ्यांवरून पाणी गोल गोल उतरत सरांच्या दारापर्यंत येई. पोस्टमास्तरांनी आधी पायऱ्यांवर पोती टाकली. मग ते आपल्याच इमारतीच्या जिन्यात छत्री उघडून उतरू लागले. एका हातात छत्री, एका हातात कठडा. मग चपला हातात धरायला तिसरा हात उरेना, म्हणून अनवाणी. असे भिजून ते सरांच्या खुर्चीत बसत, आणि सरांची बायको टॉवेल आणून देई. ती एकदा सरळच म्हणाली, “अहो, पाऊस आहे तोवर तुम्हीच वर जा ना खेळायला. तुमचे गुडघे ठणठणीत आहेत.”

“जातो गं. एवढी प्रतिकृती एकदा हातावेगळी होऊ दे.”

प्रतिकृतीसाठी जाड पुठ्ठा हवा होता. घरात नव्या मिक्सरचे खोके होते. मिक्सर वाटण्याऐवजी नुसताच ओरडत होता, म्हणून सरांची बायको तो दुकानात परत करणार होती, आणि त्यासाठीच तिने खोके पलंगाखाली जपून ठेवले होते. सरांनी ते कापले. वर्तुळाची एक पाकळी कापून तिच्या दोन कडा जोडल्या की शंकू होतो, हे त्यांनी आयुष्यभर फळ्यावर सांगितले होते. पण कडा जोडल्या तर शंकू न होता बशी झाली. सर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी तिरकस उंचीच्या जागी लंबउंची घेतली होती. या चुकीला ते पोरांचे निम्मे गुण कापत आणि वर ‘लक्ष कुठे होतं?’ असे लिहीत. त्यांनी ती बशी गुपचूप गादीखाली सरकवली. रात्री अंथरूण घालताना ती बायकोला सापडली, आणि मिक्सरच्या खोक्याचे चित्र तिच्यावर अर्धे दिसत होते. दुकानदाराने खोक्याशिवाय मिक्सर घेतला नाही. तो अजून त्यांच्याकडे आहे आणि अजून ओरडतो.

दुसरी प्रतिकृती छान झाली. सर ती दोन्ही हातांत धरून कचेरीत चालत निघाले. वाटेत दोघांनी वाढदिवस कोणाचा म्हणून विचारले. कचेरीत साहेब बैठकीला गेले होते, म्हणून सर ती खिडकीशी ठेवून आले. आठवडाभराने गेले, तर शिपाई खिडकीशेजारच्या कूलरमध्ये पाणी ओतत होता आणि कूलरच्या तोंडाला नरसाळे म्हणून सरांची प्रतिकृती लावलेली होती. टोक कापून टाकले होते.

“कामाची वस्तू निघाली, सर,” कारकून कौतुकाने म्हणाला.

“ती आता शंक्वाकृती राहिली नाही,” सर कसेबसे म्हणाले. “तो आता शंकूछेद आहे.”

“मग दुसरी आणावी लागेल. साहेबांनी बघितली नव्हती.”

त्या दिवशी घरी परतताना सरांचा चेहरा असा होता, की कोणाला त्यांच्याकडे वाढदिवसाची चौकशी करायची छाती झाली नसती.

इकडे पोस्टमास्तरांचे उतरणे बंद झाले होते. गुडघा सुजला होता. पण खेळ बंद पडला नाही, कारण त्यांनी युक्ती काढली. वर त्यांनी आपला एक पट मांडला, खाली सरांचा होताच, आणि दोघे जिन्याच्या पोकळीतून ओरडून चाली सांगू लागले. “सर! डावा घोडा, वजिराच्या पुढ्यात!” असा आवाज वरून येई, पावसातून भिजत खाली पोचे. सर उंबऱ्यात उभे राहून ओरडत, “हत्ती सरळ, दोन घरं!” सगळ्या इमारतीला डाव पाठ झाला. ताई शिवणयंत्र थांबवून कान देत. वकील दारातून डोके काढून म्हणत, “वजीर काढा, वजीर!” एकदा ती पोस्टमास्तरांचीच चाल समजून सरांनी वजीर मारला, त्यावर तिन्ही मजल्यांत वाद झाला आणि वकिलांनी आपण केवळ मत दिले होते असा बचाव केला. हसण्यासारखे होते खरे. सरही हसत. पण खाली समोरची खुर्ची रिकामी होती, चहा एकच कप होत होता, आणि ओरडून ओरडून पोस्टमास्तरांचा आवाज बसत चालला होता. हे सरांना दिसत नव्हते असे नाही. तिसरी प्रतिकृती झाली की सगळे मार्गी लागेल, असे ते स्वतःला सांगत.

एक दिवस डाव सुरू व्हायच्या आधी पोस्टमास्तर वरून म्हणाले, “सर, ऐका माझं. ‘उतरतं’ लिहून द्या हो त्यांना. पत्रा बसला की तो शंक्वाकृतीच असणार आहे. पाणी काय कागद वाचून पडतंय?”

ताईंचे यंत्र थांबले.

“आज हा शब्द सोडला, तर उद्या काय उरेल, पोस्टमास्तर?” सर वर बघून म्हणाले. त्यांच्या चष्म्यावर थेंब पडले. “आठवडाभर थांबा. हा आठवडा शेवटचा.”

“बरं,” पोस्टमास्तर म्हणाले. “माझा उंट, दोन घरं तिरका.”

त्या आठवड्यातच एका संध्याकाळी पाऊस थांबला. सर टेबलावर तिसऱ्या प्रतिकृतीच्या कडा डिंकाने चिकटवत होते, पट तसाच बाजूला सरकवलेला होता. जिन्यात काहीतरी धपकन पडले. सरांना आधी वाटले, पोते पडले. मग एक चप्पल गोल गोल उतरत त्यांच्या दारात येऊन थांबली.

पोस्टमास्तर पहिल्या मजल्याच्या वळणावर भिंतीला टेकून बसले होते. एक पाय मुडपला होता, एक मनगट दुसऱ्या हातात धरले होते, आणि गाल गुळगुळीत होते. दाढी ताजी होती. ताई त्यांना पाणी पाजत होत्या.

“अहो, कशाला उतरलात?” सर ओरडले, कारण अलीकडे त्यांना पोस्टमास्तरांशी ओरडूनच बोलायची सवय लागली होती. “चाल ओरडून सांगायची!”

“मात दिसत होती,” पोस्टमास्तर दात आवळून म्हणाले. “तुम्हांला दोन चालींत मात होती, सर. ती ओरडून सांगण्यात काय मजा? म्हटलं, तुमचं तोंड बघावं.”

सरांचे तोंड त्यांनी पाहिले. पण त्यात त्यांना हवी होती ती मजा नव्हती.

पाय मोडला होता, मनगटही मोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर कचेरी उघडायच्या आधीच खिडकीपाशी उभे होते. कारकून येऊन बसला, त्याने पेन झटकले, तोवर सरांनी नवा अर्ज पुढे सरकवला. त्यात लिहिले होते, ‘उतरते छत’. कारकुनाने एकदा अर्जाकडे आणि एकदा सरांकडे पाहिले. ‘मी म्हटलं नव्हतं का,’ असे तो म्हणेल म्हणून सर वाट पाहत राहिले. तो तसे म्हणाला असता तर बरे वाटले असते. पण त्याने गुमान शिक्का मारला, सही आणून दिली आणि विचारले, “मग वरच्या त्या कागदाचं काय करू?”

“राहू दे,” सर म्हणाले. एवढे सगळे झाले तरी चहावाल्याने कारकुनापुढे ठेवलेला कप अजून वाफाळत होता.

पत्रेवाल्याला सर गच्चीवर घेऊन गेले. त्याने भोक पाहिले, माप घेतले आणि म्हणाला, “म्हणजे नरसाळं उलटं घालायचं.” सरांनी तोंड उघडले आणि मिटले. “हो. तसंच,” ते म्हणाले. वकिलांनी खालून वीज पडेल म्हणून आठवण केली, तेव्हा सर त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. वकील घरात गेले आणि त्यांनी दारही लावून घेतले.

छत उत्तम झाले. तळ वर्तुळ, वर एकच टोक, आणि टोकापासून कडेपर्यंत कुठूनही मोजा, सारखेच. सरांनी मात्र मोजले नाही. तोवर पोस्टमास्तरांची मुलगी आली होती. तिने वडिलांच्या घरातले सामान आवरले, सरांच्या बायकोशी बोलताना थोडी रडली, आणि सरांना म्हणाली, “काका, बाबांना मी घेऊन जाते. आता ते इथे एकटे नको. आमचं घर तळमजल्यावर आहे.” तिच्या बोलण्यात कसलाही राग नव्हता. घर विकायला काढणार असल्याचे तिने वकिलांना सांगितले होते. ते वकिलांनी सगळ्यांना सांगितले.

जायच्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. दोन हमालांनी पोस्टमास्तरांना खुर्चीत बसवून उचलले आणि एकेक वळसा घेत खाली आणले. सर पुढे उलटे उतरत होते, जणू आपण हात लावला नाही तर खुर्ची कलेल. वरून पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि पायऱ्यांवर एक थेंब नव्हता. मध्यावर पोस्टमास्तरांनी हमालांना थांबायला सांगितले आणि मान वर केली.

“छान झालंय,” ते म्हणाले. “काय म्हणतात सर याला?”

सरांना तो शब्द बोलवेना. “चला, सावकाश,” ते हमालांना म्हणाले.

गाडीत बसवून झाले. प्लॅस्टरचा पाय आडवा ठेवला. मुलगी पुढे बसली. सर मागच्या खिडकीशी वाकून उभे राहिले, पाठ भिजत होती. बोलायचे पुष्कळ होते. पुठ्ठ्याच्या कडा जोडत बसलो त्यातल्या एकाही संध्याकाळी आपल्याला वर जाता आले असते, हे त्यांना आता इतके साधे, इतके उघड दिसत होते, की आजवर दिसले कसे नाही याचेच त्यांना नवल वाटत होते. गुडघा त्यांचा अधू होता, आपला नव्हे.

“पोस्टमास्तर,” ते म्हणाले, “छताचं राहू द्या. मीच वर यायला हवं होतं.”

आता पोस्टमास्तर ‘छे हो, काहीतरीच काय’ म्हणतील, आपण एकमेकांचा हात दाबू आणि गाडी निघेल, असे त्यांना वाटले. माणसे तसेच करतात. पोस्टमास्तरांनी त्यांच्याकडे पाहिले, एखादे प्यादे पाहावे तसे, बराच वेळ.

“हो,” ते म्हणाले. “यायला हवं होतं. मी रोज वाट बघायचो.”

मग त्यांनी धडधाकट हाताने सरांच्या गालावरचे पाणी पुसले, आणि मुलीने पाऊस आत येतो म्हणून काच वर केली. गाडी कोपऱ्यावर वळली तरी सर फाटकातच उभे होते. शेवटी त्यांची बायको छत्री घेऊन आली. दोघे छत्रीखालून जिन्यापाशी आले, तिथे तिने छत्री मिटली. जिना वरपासून खालपर्यंत कोरडा होता, आणि त्यावरून उतरून सरांकडे यायला आता कोणी नव्हते.